पार्श्वभूमी : ब्रिटनमधील मोटारींची वार्षिक 'एमओटी' चाचणी

ब्रिटनमध्ये जुनी मोटार विकायला काढणारा माणूस जाहिरातीत गाडीचे नाव, साल आणि अंतर यांच्या पाठोपाठ एक गोष्ट हमखास लिहितो : 'एमओटी' अजून किती महिन्यांची शिल्लक आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे आहेत. ते मंत्रालय १९७० मध्ये पर्यावरण खात्यात विलीन झाले, चाचणीला चिकटलेले नाव मात्र कायम राहिले. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षे झाल्यावरच आरटीओत पासिंगला न्यावी लागते, त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिली सेकंडहँड गाडी घेताना या वार्षिक परीक्षेचे नवल वाटते. तेथील मोटारमालकाच्या बहुतेक रोजच्या तक्रारी, म्हणजे गंज, टायर, धूर, गॅरेजवाल्यावरचा अविश्वास आणि जुन्या गाडीच्या सौद्यातील फसवणूक, या एका चाचणीभोवती फिरत असल्याने ती कशी आली आणि कशी बदलत गेली हे पाहणे उपयोगाचे ठरते.

मोटारींवर कायद्याची नजर होतीच, पण ती दीर्घकाळ गाडीच्या अवस्थेपेक्षा चालकाच्या वर्तनावर होती. १९०३ च्या कायद्याने नोंदणी आणि नंबरप्लेट सक्तीची केली व वेगमर्यादा ताशी २० मैलांवर नेली. ही मर्यादा मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलीस झुडपांआड दबा धरून बसत, आणि त्यांच्यापासून सदस्यांना सावध करण्यासाठी १९०५ मध्ये 'ऑटोमोबाइल असोसिएशन' म्हणजे 'एए' ही संस्था निघाली. अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे, असा निर्णय १९१० मध्ये न्यायालयाने दिल्यावर संस्थेने युक्ती काढली : एरवी सदस्याला सलाम ठोकणाऱ्या तिच्या सायकलस्वाराने सलाम केला नाही, तर पुढे काहीतरी आहे हे सदस्याने ओळखावे. १९३० च्या कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा झाला, १९३५ मध्ये नव्या चालकांना परीक्षा लागू झाली. ब्रेक आणि दिवे सुस्थितीत ठेवावेत असे नियम सांगत, परंतु ते तसे आहेत की नाहीत हे पाहणारी ठरावीक व्यवस्था नव्हती.

ती उणीव दुसऱ्या महायुद्धानंतर उघड झाली. परकीय चलनासाठी कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्यांचा मोठा हिस्सा निर्यात केला जाई, देशातल्या ग्राहकाला प्रतीक्षायादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि मिळालेली गाडी लगेच चढ्या भावाने विकू नये म्हणून त्याच्याकडून लेखी हमी घेतली जाई. परिणामी १९३० च्या दशकातल्या, केबलवर चालणारे ब्रेक असलेल्या आणि युद्धकाळात वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या गाड्या १९५० च्या दशकातही रस्त्यावर होत्या. पेट्रोलचे रेशनिंग १९५० मध्ये उठले आणि रहदारी वाढू लागली. २ नोव्हेंबर १९५९ रोजी एम-१ हा महामार्ग खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. हौसेने सुसाट निघालेल्या अनेक जुन्या गाड्या इंजिने तापून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, हे चित्र त्या वेळच्या वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिले.

गाड्यांची तपासणी करण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्यानेच सरकारला दिला होता. तो प्रत्यक्षात आणला वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी. १२ सप्टेंबर १९६० पासून ऐच्छिक आणि १९६१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीची अशी ही चाचणी दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी होती, आणि तिच्यात केवळ ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहिले जाई. नापासांचे प्रमाण इतके मोठे निघाले की १९६१ संपण्यापूर्वीच वयाची अट सात वर्षांवर आणावी लागली, आणि १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली, ती आजतागायत तशीच आहे. टॅक्स भरल्याची खूण म्हणून समोरच्या काचेवर लावायची गोल चकती घ्यायला पोस्टात जावे लागे, आणि तेथे विम्याबरोबर चाचणीचा दाखलाही पाहिला जाई, त्यामुळे चाचणी टाळणे सोपे राहिले नाही.

सर्वांत दूरगामी निर्णय मात्र चाचणी कोणी करायची याबद्दलचा होता. सरकारी केंद्रांचे जाळे उभारण्याऐवजी खासगी गॅरेजांना परवाने देण्यात आले. त्यामुळे चाचणी गावोगावी पोहोचली, परंतु गाडीत दोष शोधणारा आणि तो दोष पैसे घेऊन दुरुस्त करणारा हे दोघे एकाच छपराखाली आले. गॅरेजने मोटारीच्या चाचणीसाठी आकारावयाचे कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे आणि २०१० पासून ते वाढलेले नाही. ग्राहक खेचण्यासाठी अनेक गॅरेजे त्याहूनही कमी घेतात. मग कमाई दुरुस्तीतून होणार, हे न सांगताही कळते. म्हणूनच ब्रिटनमधील जाणती मंडळी नवख्याला नगरपालिकेच्या चाचणी केंद्राचा पत्ता देतात. नगरपालिका आपल्या कचरागाड्या आणि बस तपासण्यासाठी असे केंद्र चालवते, त्यात सर्वसामान्यांच्या गाड्याही घ्याव्या लागतात आणि तेथे सहसा दुरुस्ती केली जात नाही, त्यामुळे उगाच नापास करण्यात कोणाचा लाभ नसतो. उत्तर आयर्लंडने वेगळी वाट धरली : तेथे चाचणी चौथ्या वर्षापासून आणि सरकारी केंद्रातच होते. हितसंबंधांचा प्रश्न त्याने सुटतो, पण दुसरा उभा राहतो. जानेवारी २०२० मध्ये त्या केंद्रांतील गाडी उचलणाऱ्या लिफ्टना तडे गेलेले आढळले, आणि मोटारींच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

सुरुवातीच्या चाचणीत गंजाला स्थान नव्हते, हे आज आश्चर्याचे वाटते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठून बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यांवर खडेमीठ पसरतात; चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून ते मोठ्या प्रमाणावर येते. स्वतंत्र चेसिसऐवजी पत्र्याच्या सांगाड्यावरच सारा भार पेलणाऱ्या गाड्या युद्धानंतर रूढ झाल्या होत्या, आणि त्यांच्या पोकळ भागांत खारट चिखल साचून पत्रा आतून खाल्ला जाई. दाराखालून लांबीला धावणारी पोकळ पट्टी, जिला तिकडे 'सिल' म्हणतात, ती पहिली बळी पडे. तिच्यात वर्तमानपत्र कोंबून, वरून लांबी (पुट्टी) भरून आणि रंगाचा हात देऊन गाडी विकणाऱ्यांची मुळीच वानवा नव्हती. १९७७ मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न आणि सायलेन्सर यांच्याबरोबर गाडीच्या सांगाड्याची अवस्थाही चाचणीत आली, तेव्हा हा सारा उद्योग उघडा पडू लागला. तपासनीस एका छोट्या हातोडीने सिलवर टकटक करत जातो. धड पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, लांबी भरलेल्या जागी तो बद्द होतो. नियम नेमका आहे : सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा ब्रेक जेथे सांगाड्याला जोडलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास, आणि तेथे लांबी किंवा फायबर चालत नाही, ठिगळ सलग वेल्डिंगचेच लागते.

ही शिक्षा केवळ ब्रिटिश गाड्यांना झाली असे नाही. इटालियन 'लॅन्शिया बीटा'च्या सांगाड्यातील इंजिन धरणारा भाग गंजून कमकुवत होत असल्याचे उघड झाले, आणि १९८० मध्ये कंपनीला ब्रिटनमधील ग्राहकांकडून गाड्या परत विकत घेण्याची पाळी आली. पुढे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरात येऊ लागल्यावर गंजाची तक्रार गाडीच्या उत्तरायुष्याकडे सरकली. तरीही इंजिन ठणठणीत असलेली गाडी वेल्डिंगचा खर्च परवडत नाही म्हणून भंगारात जाणे ही तेथील घराघरांतली गोष्ट आहे. त्याच वर्षांत घरी पाने-हातोडी घेऊन बसणाऱ्यांची परंपरा वाढली. शनिवारी दुपारी घरासमोर जॅकवर चढवलेली गाडी आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय हे दृश्य सर्वसामान्य वस्त्यांत नित्याचे होते, कारण चाचणीआधी ब्रेकचे काम स्वतः केले की गॅरेजची मजुरी वाचे.

चाचणीने मालकाला एक खोटा दिलासाही दिला, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातला हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था चाचणीत पाहिली जात नाही. इंजिनातला टायमिंग बेल्ट तुटायला आला असला तरी तपासनीस झाकण काढून पाहत नाही. दाखला सांगतो तो इतकेच की त्या दिवशी, त्या वेळी, गाडी किमान अटी पूर्ण करत होती. दुसऱ्या दिवशी टायर खिळ्यावर गेला तर त्याला दाखला जबाबदार नाही. बाजार मात्र बारा महिन्यांची एमओटी म्हणजे बारा महिन्यांची निश्चिंती असे समजून किंमत लावतो. विकण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेला कोरा करकरीत दाखला पाहून सावध व्हावे, असा सल्ला अनुभवी लोक देतात तो यामुळेच. चुकीने पास केलेल्या गाडीविरुद्ध दाद मागता येते, पण त्यालाही मुदत आहे : गंजाबाबत तीन महिने, इतर दोषांबाबत २८ दिवस.

आधीचे दाखले हाताने लिहून शिक्का मारलेले असत, आणि कोऱ्या दाखल्यांची चोरी व बनावट दाखले ही जुनीच डोकेदुखी होती. २००५ पासून नोंदी संगणकावर जाऊ लागल्या आणि चाचणीचे स्वरूप न बदलताही तिचा उपयोग बदलला. आता कोणत्याही गाडीचा नंबर टाकला की तिच्या चाचण्यांचा वर्षानुवर्षांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, आणि प्रत्येक चाचणीच्या वेळचे अंतरही नोंदलेले असल्याने मीटर मागे फिरवणाऱ्या दलालांचा धंदा अवघड झाला. पास झालेल्या गाडीतही पुढे लक्ष देण्याजोगे जे दोष दिसतात ते तपासनीस सूचना म्हणून लिहून ठेवतो. खरेदीदाराने वाचायच्या त्या याच ओळी. 'पुढचा टायर मर्यादेच्या जवळ' असे एका वर्षी लिहिलेले असेल आणि पुढच्या वर्षी त्याच टायरवर गाडी नापास झालेली असेल, तर मालक कायद्याने धरल्याखेरीज खर्च करत नाही हे समजावे, आणि जे दिसत नाही, म्हणजे ऑइल आणि बेल्ट, तेथेही त्याने तेच केले असणार असे धरून चालावे. उलट सिलवरील गंजाची नोंद एका वर्षी येऊन पुढे कायमची नाहीशी झाली असेल, तर वेल्डिंगची पावती मागावी. दिव्याचा बल्ब गेला म्हणून नापास झालेल्या गाडीला फारसा दोष देऊ नये. नापासांमध्ये दिव्यांचा वाटा नेहमीच मोठा असतो.

टायरची कथा याला जोडूनच येते. १९६८ मध्ये टायर चाचणीत आले तेव्हा खाचांची किमान खोली एक मिलिमीटर होती. १९९२ पासून ती १.६ मिलिमीटर झाली, आणि ती टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात, संपूर्ण परिघावर लागते. घरी तपासण्यासाठी २० पेन्सचे नाणे खाचेत उभे धरतात. नाण्याची कड दिसली तर टायर तपासून घ्यायचा. वर्षातून एकदा होणाऱ्या परीक्षेपेक्षा ही एका मिनिटाची सवय अधिक उपयोगी आहे, याबद्दल तेथील मोटार संघटनांत फारसे दुमत नाही.

धुराची मोजणी पेट्रोल गाड्यांसाठी १९९१ मध्ये आणि डिझेलसाठी १९९४ मध्ये आली. २००१ पासून वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसवला गेला आणि मालक डिझेलकडे वळले. पुढे डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले. हे फिल्टर महामार्गावर इंजिन तापले की स्वतःतील काजळी जाळून मोकळे होतात, परंतु शाळा आणि बाजार एवढ्यापुरतीच फिरणारी गाडी पुरेशी तापतच नाही आणि फिल्टर तुंबतो. काही मालकांनी तो कापून काढून टाकला. २०१४ पासून तो जागेवर आहे की नाही हे पाहिले जाऊ लागले, आणि २० मे २०१८ पासून फिल्टर असलेल्या गाडीतून धूर दिसला तर ती नापास ठरू लागली. त्याच दिवसापासून दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारी आली, आणि चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना चाचणीतून सूट मिळाली. काचेवरची ती गोल चकती २०१४ च्या ऑक्टोबरमध्येच रद्द झाली होती. तेव्हापासून गाडी विकली की टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही, एमओटी मात्र गाडीबरोबर जाते. नव्याने आलेली माणसे या फरकात हमखास अडकतात आणि टॅक्सविना गाडी घरी आणून दंडाची नोटीस घेतात.

पहिली चाचणी तिसऱ्याऐवजी चौथ्या वर्षी घ्यावी, हा प्रस्ताव सरकारने अलीकडे दोनदा तपासून पाहिला. नव्या गाड्या अधिक टिकाऊ झाल्या आहेत आणि मालकाचे पैसे वाचतील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. गॅरेज व्यवसायाने विरोध करणे अपेक्षितच होते, पण टायर आणि ब्रेकची झीज गाडीच्या टिकाऊपणावर नव्हे तर तिच्या वापरावर अवलंबून असते, या मुद्द्यावर मोटारमालकांच्या संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या. २०१८ आणि जानेवारी २०२४ अशा दोन्ही वेळी सरकारने तीन वर्षांची अट कायम ठेवली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना धुराची मोजणी लागू नाही, पण बॅटरीच्या वजनाने त्यांचे टायर लवकर झिजतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षीच्या त्या तपासणीतून त्यांनाही सुटका नाही.