रिसोर्स की रिझर्व्ह? पेपरात दोन्हीला 'साठा'च म्हणतात

फेब्रुवारी २०२० मधली सोनभद्रची बातमी आठवतेय का? उत्तर प्रदेशात तीन हजार टनांवर सोनं सापडलं म्हणून सगळीकडे फिरत होती. मग जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, खुलासा केला की तिथे अंदाजे ५२,८०६ टन खनिजाचा दगड आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार करून बघा, १६० किलो होतात. आणि हे १६० किलोसुद्धा रिसोर्समध्ये मोडतात, रिझर्व्हमध्ये नाही.

फरक असा. रिसोर्स म्हणजे पुराव्यावरून बांधलेला अंदाज. ड्रिल मारून जमिनीतून गोल दगडाच्या कांड्या काढतात, त्यांना कोअर म्हणतात, त्या खोलीचे आकडे टाकून पेटीत उसाच्या कांड्यांसारख्या ओळीने लावतात, मग उभ्या चिरून अर्धा भाग लॅबला आणि अर्धा पेटीतच जपून. बोअर लांब लांब असतील तर मधल्या जमिनीत काय आहे हे ठरवताना अंदाजच जास्त. शोधाच्या पायऱ्या जी४ पासून जी१ पर्यंत, जी१ सगळ्यात पक्की.

रिझर्व्ह म्हणजे त्यातला फक्त तेवढाच भाग जो आजच्या भावात, हाताशी असलेल्या तंत्राने काढून परवडतो, जंगल-पाणी-परवानग्या सगळं धरून.

जम्मूतल्या रियासीचं लिथियम घ्या. २०२३ मध्ये ५९ लाख टन जाहीर झालं, पण ते जी३ पायरीवरचं, आणि तेही खनिजाचं वजन, शुद्ध लिथियमचं नाही. पुढे लिलावाला पुरेसे बोलीवालेच आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. शोध खोटा होता असं अजिबात नाही, जीएसआयच्या लोकांनी डोंगरात फिरून केलेलं काम खरंच आहे, फक्त 'साठा सापडला' या दोन शब्दांनी लोकांच्या अपेक्षा भलतीकडे नेल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या नागपुरात जीएसआयचं मध्य विभागाचं ऑफिस आहे आणि भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही इथेच, म्हणून लोक या दोन्ही संस्थांना एकच समजतात. जीएसआय शोधते, ब्युरो देशभराचा हिशोब ठेवतो. ब्युरोच्या तक्त्यात रिझर्व्हचा रकाना वेगळा आणि उरलेल्या रिसोर्सचा वेगळा असतो. १ एप्रिल २०१५ च्या हिशोबात देशात सोन्याचं प्राथमिक, म्हणजे खडकातलं खनिज ५०१.८३ दशलक्ष टन होतं, त्यातलं रिझर्व्ह फक्त १७.२२. बाकी सगळं अजून रिसोर्सच.

आणि रिझर्व्हचा हा आकडा खाणीत कुदळ न मारताही बदलतो. भाव चढला की कालपर्यंत न परवडणारा दगड रिझर्व्हमध्ये येतो, भाव पडला की तोच दगड परत बाजूच्या रकान्यात जातो.