पाठीचा दोष डोक्यात कसा दिसतो

पोटातल्या बाळाच्या मणक्यात काही गडबड आहे का हे बघायचं तर सोनोग्राफीवाले डॉक्टर आधी डोकं का तपासतात, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कारण समजल्यावर मात्र गंमतच वाटली. काही बाळांत पाठीचा कणा नीट मिटलेला नसतो, स्पायना बिफिडा म्हणतात त्याला, आणि ती फट कातडीनेही झाकलेली नसली की मेंदूभोवतीचं पाणी तिथून झिरपत राहतं, मग डोक्यातला दाब कमी होतो आणि मागचा लहान मेंदू खाली मानेकडे ओढला जातो. एरवी हा लहान मेंदू दोन दाण्यांच्या शेंगेसारखा दिसतो, आता तो ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाला, वेढा घालून केळ्यासारखा वाकतो, त्याच्यामागची पाण्याची मोकळी जागा भरून जाते, आणि कपाळाची हाडं अजून मऊ असतात ती दोन्हीकडून आत दबतात, त्यामुळे कवटी लिंबासारखी दिसते. (गोल कागदी लिंबू नाही हां, टोकाला निमुळतं असतं ते.)

1986 साली लंडनच्या निकोलाइड्स, कॅम्बेल वगैरे मंडळींनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात लिंबू आणि केळं ह्या दोन खुणा मांडल्या. मणक्यातली फट असते एवढीशी, बाळ पाठ टेकून पडलं असेल तर दिसतही नाही, डोक्याचा आकार त्यामानाने लवकर नजरेत भरतो. पण नुसतं लिंबू दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, शंभरात एखाद्या नॉर्मल बाळातही ते दिसतं, आणि खरा दोष असला तरी 24 आठवड्यांनंतर हाडं घट्ट झाली की ते बहुतेकदा नाहीसं होतं. केळं जास्त भरवशाचं.

कवटीच तयार झाली नसेल तर ते 11 ते 13 आठवड्यांच्या स्कॅनमध्येच बऱ्याचदा कळतं.

बाकी मेंदूचं मुख्य बघणं 18 ते 22 आठवड्यांच्या अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या अवयवांत काही दोष आहे का हे बघणाऱ्या सोनोग्राफीत. मेंदूच्या आत पाण्याचे कप्पे असतात, त्यातल्या बाजूच्या कप्प्याची रुंदी ठरलेल्या जागी मोजतात आणि ती 10 मिलिमीटरच्या आत हवी. 15 च्या वर गेली तर प्रकरण गंभीर, पण 10 ते 12 मध्ये असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक मुलं नॉर्मल वाढतात, तरी रिपोर्टवर 'मेंदूत पाणी' वाचलं की घरच्यांची झोप उडते ती उडतेच. पुढच्या भागात मधोमध एक छोटी चौकोनी पोकळीही शोधतात, ती दिसली नाही तर मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल बनलाय का, किंवा मेंदू मुळात दोन भागांत नीट विभागलाय का, ही शंका येते.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हाड आवाजाच्या लहरी परतवतं, म्हणून प्रोबच्या (पोटावर फिरवतात त्या यंत्राच्या) जवळचा अर्धा मेंदू धूसरच दिसतो, लांबचा अर्धा स्वच्छ. म्हणून मग डॉक्टर प्रोब इकडून तिकडून फिरवतात, आईला कुशीवर वळायला सांगतात, कधी थोडं चालून या म्हणतात. शिवाय 20 आठवड्यांना मेंदू जवळजवळ गुळगुळीतच असतो, घड्या नंतर पडतात, त्यामुळे घड्याच न पडण्याचा दोष तेव्हा दिसणार तरी कसा! तो सातव्या-आठव्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्येच सापडू शकतो, आधीचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आलेला असला तरी.