व्हीगन आहार

व्हीगन आहार : मांस, मासे व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, लोणी, तूप, मध असे प्राण्यांपासून मिळणारे सर्व पदार्थ वर्ज्य करणारी आहारपद्धती. भारतीय शाकाहारात दूधदुभत्याला मानाचे स्थान आहे. पंचामृतापासून उपवासाच्या फराळापर्यंत ते सर्वत्र लागते. त्यामुळे इथल्या शाकाहारी माणसालाही व्हीगन होणे म्हणजे रोजच्या सवयींची नव्याने मांडणी करणे भाग पडते. हा आहार सर्वसामान्यांच्या अंगवळणी पडला आहे का, या प्रश्नाचे उत्तर आजमितीस नकारार्थीच द्यावे लागते. तो आयुष्यभर घेऊन माणूस निरोगी राहू शकतो का, याचे उत्तर निरोगी प्रौढांपुरते होकारार्थी आहे. मात्र ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घेतले पाहिजे, ही अट त्यात कायमची आहे.

प्राणिज पदार्थ पूर्णपणे टाळणाऱ्या व्यक्ती प्राचीन काळापासून आढळतात, परंतु संघटित चळवळ नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डॉनल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या व्हीगन सोसायटीपासून सुरू झाली. दुधाचा धंदा मांसाच्या धंद्यापासून वेगळा काढता येत नाही, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. गाय विल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी जवळपास निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना शेतीत पूर्वीइतके काम उरलेले नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. तरीही संकरित गाईचे गोऱ्हे पोसणे कोणाला परवडत नाही आणि म्हशीच्या रेडकाची आबाळ होते, हे गोठा जवळून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर देणे दूध पिणाऱ्या अहिंसावादी माणसाला सोपे नाही.

याच पेचातून महात्मा गांधी गेले होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आपले सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले आणि सुमारे सहा वर्षे ते दुधाविना राहिले. १९१८ मध्ये आमांशाने त्यांची प्रकृती पार खालावली. पुढच्या वर्षाच्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही असे बजावले, तेव्हा व्रत गाई-म्हशीच्या दुधापुरते होते, शेळीच्या दुधाला हरकत नसावी, असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला. गांधीजींनी तो स्वीकारला, पण ही तडजोड त्यांना सलत राहिली. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सापडावा ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु त्या काळी पोषणशास्त्राजवळच तो नव्हता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

शास्त्राच्या हाती तेव्हा नसलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब-१२. हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढले गेले आणि ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डॉरथी हॉजकिन यांनी पुढे त्याची रचना उलगडली. त्यांच्या या व इतर संशोधनाला १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब-१२ केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतींना त्याची गरज नसते. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात ते लागते आणि यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल असा साठा असतो. त्यामुळे दूध सोडल्यावर पहिली काही वर्षे काहीच बिघडत नाही आणि ‘मला काही त्रास नाही’ असा विश्वास बळावतो. पुढे हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण होणे अशी लक्षणे दिसू लागतात. पालेभाज्या व डाळी यांतून भरपूर मिळणाऱ्या फोलेट या ब-गटातील जीवनसत्त्वामुळे रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते, ही त्यातली विशेष धोक्याची बाब होय. इडलीचे आंबवलेले पीठ, स्पिरुलिना हे शेवाळ किंवा न धुतलेली भाजी यांवर भिस्त ठेवू नये. स्पिरुलिनात आढळणारे ब-१२ सारखे द्रव्य बहुतांशी शरीराला निरुपयोगी असते. रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २,००० मायक्रोग्रॅमची गोळी, असे व्हीगन सोसायटीचेच मार्गदर्शन आहे. गोळीतील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातून बनते, त्यामुळे व्रतालाही बाध येत नाही. तरीही ‘नैसर्गिक’ आहाराच्या हट्टापायी ती टाळली जाते, हे खेदाचे आहे.

हा प्रश्न फक्त व्हीगन लोकांचा नाही, हे पुण्यातील संशोधनाने दाखवून दिले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, झोपडवस्तीतील व शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. दूध घेणाऱ्या समाजाची ही स्थिती आहे. कपभर दुधात जेमतेम एक मायक्रोग्रॅम ब-१२ असते आणि दिवसभरात अर्धा-अर्धा कप चहात पडणारे दूध त्याहूनही कमी भरते. मुळातच रिता असलेला साठा घेऊन कोणी दूध सोडणार असेल, तर त्याने आधी रक्ततपासणी करून घ्यावी, हे त्यातून निघणारे व्यवहार्य तात्पर्य होय.

इतर पोषकद्रव्यांच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर पुष्कळ सज्ज आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची व कारळाची चटणी, नारळाच्या दुधाची सोलकढी हे पदार्थ कोणाच्या शिकवणीशिवाय दूधविरहित आहेत. धान्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल डाळींत विपुल असते, म्हणून वरण व भात एकमेकांना पूरक ठरतात. कडधान्यांना मोड आणल्याने खनिजे बांधून ठेवणारे फायटेट हे द्रव्य घटून लोह व जस्त अधिक शोषले जाते. ताटातली लिंबाची फोड लोहाला साहाय्य करते आणि जेवणाला लागून घेतलेला चहा त्याला अडवतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळात ते याहून कितीतरी जास्त असले, तरी त्याला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या द्रव्यामुळे त्याचा मोठा भाग वाया जातो.

हाडांकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड या दीर्घकालीन पाहणीच्या २०२० मधील निष्कर्षांनुसार मांसाहारी लोकांच्या तुलनेत व्हीगन व्यक्तींना नितंबाचे हाड मोडण्याचा धोका २.३ पट आढळला. कमी वजन, कमी कॅल्शियम व कमी प्रथिने यांनी तो अंशतः स्पष्ट होतो, पूर्णपणे नाही. दुसऱ्या बाजूला, या आहारात अपायकारक कोलेस्टेरॉल, वजन व टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी राहतो, असे अनेक अभ्यासांत दिसते.

लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्याबाबत तज्ज्ञसंस्थांचे एकमत नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये हा आहार योग्य नियोजन असल्यास सर्व वयोगटांस चालेल असे म्हटले होते. २०२५ च्या नव्या भूमिकेत तिने आपले विधान गर्भवती व स्तनदा नसलेल्या प्रौढांपुरते ठेवले. ही सावधगिरी रास्त आहे. ब-१२ ची तीव्र कमतरता असलेल्या मातेच्या दुधावरच वाढणारे मूल सहा महिन्यांनंतर मलूल होऊ लागते, त्याचे केस विरळ व भुरे पडतात, शिकलेली हालचाल ते विसरते आणि पुढे त्याला कंप सुटतो. भारतातील बालरोगतज्ज्ञांना हे चित्र नवे नाही.

प्रसाराचा विचार करता, दुकानांतील मांडणी व प्रत्यक्ष माणसे यांत मोठी तफावत आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये ‘व्हेगन्युअरी’ ही जानेवारीपुरते व्हीगन राहण्याची मोहीम सुरू झाली आणि ओट्सचे व सोयाचे पेय सर्रास मिळू लागले. तरीही गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेला अमेरिकेत स्वतःला व्हीगन म्हणवणारे २०१८ मध्ये ३ टक्के होते, ते २०२३ मध्ये १ टक्काच आढळले. फॉनॅलिटिक्स या संस्थेच्या २०१४ मधील पाहणीत, व्हीगन झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी तो आहार सोडल्याचे आढळले. चारचौघांत वेगळे पडण्याचा ताण हे त्यामागील एक कारण होते.

पर्यावरणाच्या दृष्टीने या आहाराची बाजू भक्कम आहे. पूर व नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार जगाने प्राणिज अन्न सोडल्यास शेतीखालील जमीन ७६ टक्क्यांनी व अन्नामुळे होणारे हरितगृहवायूंचे उत्सर्जन ४९ टक्क्यांनी घटेल. परंतु हे जागतिक हिशेब कोरडवाहू महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथली म्हैस बरीचशी कडब्यावर जगते, जो माणूस खाऊ शकत नाही, आणि दूधसंघाकडून दर दहा दिवसांनी हाती येणारा पैसा हीच अनेक घरांची नियमित आवक असते. त्या उत्पन्नाला पर्याय दिल्याविना दूध सोडण्याचा उपदेश शेतकऱ्याला करणे न्याय्य नाही.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी हिरवे बोधचिन्ह जाहीर केले व २०२२ मध्ये त्याविषयीचे नियम लागू केले. हे चिन्ह पदार्थात प्राणिज घटक नसल्याची हमी देते. त्यात ब-१२ किंवा कॅल्शियम मिसळले आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी वेष्टनावरील पोषणतक्ता पाहावा लागतो. घरी काढलेल्या सोयाच्या किंवा शेंगदाण्याच्या दुधात ब-१२ मुळीच नसते.