‘धुमधडाका’ की ‘बनवाबनवी’? गल्लत नेमकी कुठे होते

गणपती-नवरात्र आली की जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही मंडळाची कार्यक्रमपत्रिका उघडा, तिच्यात ‘मराठी चित्रपट प्रश्नमंजूषा’ सापडण्याची शक्यता मोठी. आणि तिथे एक प्रश्न हमखास घोळ घालतो. अशोक सराफ आहेत, लक्ष्मीकांत बेर्डे आहेत, निवेदिता जोशी आहेत, दिग्दर्शक स्वतःच पडद्यावर आहे आणि सगळा मामला सोंग घेऊन केलेल्या फसवाफसवीचा आहे. चित्रपट ओळखा. अर्धा मंडप ‘बनवाबनवी’ ओरडतो, अर्धा ‘धुमधडाका’. मग पंच घामाघूम. खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर असतात. प्रश्नच ढिला काढलेला असतो.

आधी सरळ ओळख. ‘धुमधडाका’ 1985 चा, दिग्दर्शक महेश कोठारे. ‘अशी ही बनवाबनवी’ 23 सप्टेंबर 1988 ला आला, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. एवढं पाठ असलं तरी क्लिप समोर आली की माणूस गडबडतो, कारण क्लिपमध्ये दिग्दर्शकाचं नाव नसतं, अशोकमामांचा चेहरा असतो.

म्हणून चेहऱ्याकडे न बघता सोंग कशासाठी घेतलंय ते बघा. ‘धुमधडाका’तलं खोटं पैशाचं आहे. धनाजीराव वाकडे (शरद तळवलकर) यांना जावई तोलामोलाचा हवा, महेशकडे (स्वतः कोठारे) दमडी नाही, म्हणून त्याचा मित्र अशोक पाईप ओढणारा धनाढ्य बाप यदुनाथ जवळकर होऊन येतो. ‘बनवाबनवी’तलं खोटं छपराचं आहे. पुण्यात लीलाबाई काळभोर (नयनतारा) फक्त जोडप्यांनाच घर भाड्याने देतात, हे चौघं सडे. मग सुधीरची (सचिन) सुधा होते आणि परशाची (लक्ष्मीकांत) पार्वती. म्हणजे एका ठिकाणी श्रीमंतीचं सोंग, दुसऱ्या ठिकाणी संसाराचं. क्लिपमध्ये म्हातारा ठसकत असेल तर 1985, साडी दिसली तर 1988. या एका खुणेवर बहुतेक प्रश्न सुटतात.

आता खरी गंमत वंशावळीची आहे, आणि तिथे भल्याभल्या चित्रपटवेड्यांची विकेट पडते.

दोन्ही कथा मूळ मराठी नाहीत. ‘धुमधडाका’ आला ‘प्यार किये जा’ या हिंदी चित्रपटावरून, आणि तो आला ‘कादलिक्का नेरमिल्लै’ या 1964 च्या तमिळ चित्रपटावरून. तमिळ आणि हिंदी दोन्हींचे दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधरच. ‘बनवाबनवी’ची वाट दुसरी. तिच्या मागे हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, आणि त्याच्या मागे ‘जय माँ काली बोर्डिंग’ हा 1955 चा बंगाली चित्रपट. थोडक्यात, एक गोष्ट मद्रासहून निघाली, दुसरी कलकत्त्याहून, आणि हिंदीचा मुक्काम करून दोघी मराठीत उतरल्या.

गल्लत होण्याचं मुख्य कारण हा मधला मुक्कामच आहे. ‘प्यार किये जा’ आणि ‘बीवी और मकान’ दोन्ही एकाच वर्षीचे, 1966 चे. दोन्हींत मेहमूद. दोन्हींत नायिका कल्पना. त्यामुळे ‘बनवाबनवी ज्यावरून घेतला तो मेहमूदचा 1966 चा सिनेमा’ असं कुणी सांगितलं आणि उत्तरात ‘प्यार किये जा’ आलं, तर त्याला पूर्ण दोष देता येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मेहमूदची जागा मराठीत कोणाकडे गेली? सहज उत्तर येतं: लक्ष्याकडे. ‘धुमधडाका’पुरतं ते खरं. ‘प्यार किये जा’त मेहमूद हा ओमप्रकाशचा सिनेमावेडा मुलगा, स्वतःची ‘वाह वाह प्रॉडक्शन्स’ काढून बसलेला. तमिळमध्ये ती भूमिका नागेशची. मराठीत वाकड्यांचा मुलगा लक्ष्या, आणि त्याच्या सिनेमाची हिरोईन अंबाक्का, म्हणजे प्रेमा किरण. पण ‘बीवी और मकान’मध्ये मेहमूद साडी नेसत नाही. तो पांडे, टोळीचा म्होरक्या, सगळी योजना आखणारा. साडी नेसतात बिश्वजीत आणि केश्तो मुखर्जी. म्हणजे ‘बनवाबनवी’त मेहमूदच्या जागी उभा आहे तो धनंजय माने, अशोक सराफ. एकाच वर्षीच्या मेहमूदच्या दोन भूमिका मराठीत दोघा वेगवेगळ्या नटांना वाटून मिळाल्या, आणि दोघांनीही त्यांचं सोनं केलं. आमच्या मते दोन्ही चित्रपटांमधला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही.

आकड्याचा प्रश्न काढायचा असेल तर मित्रांची संख्या घ्या. हिंदीत पाच मित्र आहेत, मराठीत चार: धनंजय, शंतनू, सुधीर, परशुराम. वसंत सबनीसांनी पटकथा मराठीत बसवताना एक माणूस कमी केला आणि गणित घट्ट झालं. दोन नवरे, दोन बायका, शिल्लक कोणी नाही. पार्वती धनंजयची, सुधा त्याचा भाऊ शंतनूची, म्हणून दोघी एकमेकींच्या जावा. मराठी घरातल्या जावाजावांचं नातं, डोहाळजेवण, घरमालकिणीची देखरेख हे सगळं त्यातून आपोआप आलं. ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं पार्वतीच्या खोट्या डोहाळजेवणाचं आहे, हे आज खऱ्या डोहाळजेवणात ते लावताना किती जणींच्या लक्षात असतं कोण जाणे. चोपड्यापासून साक्रीपर्यंत त्या कार्यक्रमाला हे गाणं वाजतंच.

‘धुमधडाका’त असा हिशेब नाही, तिथे गुंता आहे. बापाचं सोंग घेतलेल्या मित्राची प्रेयसी म्हणजे त्याच धनाजीरावांची दुसरी मुलगी. त्यामुळे अशोकला एकाच घरात कधी म्हातारा, कधी तरुण व्हावं लागतं. तो प्रसिद्ध ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ हा यदुनाथचा ठसका आहे. तो धनंजय मानेच्या तोंडी घालणारे प्रश्नसंच आजही फिरतात.

दिग्दर्शकांची अदलाबदलही नेहमीची, आणि तिलाही कारण आहे. दोघे बालकलाकार म्हणून आले, तेही एकामागोमाग एक. सचिन ‘हा माझा मार्ग एकला’ (1962) मध्ये, महेश ‘छोटा जवान’ (1963) मध्ये. दोघांनी हिंदीतही लहानपणी कामं केली. मोठेपणी दोघे दिग्दर्शक झाले, स्वतःच्या चित्रपटात स्वतः झळकले आणि दोघांनी अशोक-लक्ष्या जोडी वापरली. फरक लक्षात ठेवायचा तर हा: ‘धुमधडाका’ हा कोठारेंचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट, सचिनचा पहिला ‘माय बाप’ 1982 मध्येच होऊन गेला होता. ‘बनवाबनवी’ सचिनचं पदार्पण नव्हे.

संगीताची मेख तर फारच सुरेख आहे. ‘धुमधडाका’चं संगीत अनिल मोहिले यांचं, ‘बनवाबनवी’चं अरुण पौडवाल यांचं. आणि हे दोघे मिळून ‘अनिल-अरुण’ ही संगीतकार जोडी. दोन्ही चित्रपटांना ‘अनिल-अरुण’ असं सरसकट उत्तर देणाऱ्याला अर्धेच गुण द्या.

नावांच्या गोंधळात जास्त रमायला नको. ‘धुमधडाका’ आणि ‘धडाकेबाज’ वेगळे. दुसरा 1990 चा, खलनायक कवट्या महाकाळ तिथला. मध्ये ‘दे दणादण’ (1987) आणि ‘थरथराट’ (1989) आहेत. चारही कोठारेंचे, चारही नावं तोंडात फटाके फुटल्यासारखी.

‘बनवाबनवी’च्या बाजूने मात्र एक सापळा असा आहे की ज्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच: ‘अश्विनी ये ना’. चित्रपटात अश्विनी भावे आहेत, अशोक सराफ त्यांच्या मागे आहेत, तेव्हा गाणं ‘बनवाबनवी’चंच, असा तर्क लढवला जातो. गाणं ‘गंमत जंमत’चं आहे, 1987, दिग्दर्शक सचिनच. पडद्यावर अशोक सराफ आणि चारुशीला साबळे, आवाज किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल यांचे. अश्विनी भावे तिथे नाहीतच. ‘बनवाबनवी’त त्या धनंजयच्या मालकीणबाई माधुरी आहेत.

जोड्यांबद्दलही असंच. सचिन-सुप्रिया लग्न 1985 मध्येच झालेलं होतं, त्यामुळे सुधीर-मनीषा ही खऱ्या आयुष्यातली जोडी. लक्ष्मीकांत आणि प्रिया अरुण (कमळी) यांचं लग्न पुढे झालं. अशोक-निवेदिता लग्न 1990 चं, पण ‘बनवाबनवी’त निवेदिताची सुषमा धनंजयची नाही, शंतनूची. शंतनू झालेला सिद्धार्थ रे हा व्ही. शांताराम यांचा मुलीकडून नातू, आणि निर्माते किरण शांताराम त्याचे सख्खे मामा. सिद्धार्थ आणि लक्ष्मीकांत, दोघेही 2004 मध्येच गेले.

आता प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांसाठी. एका फेरीत दोन्ही चित्रपटांचे मिळून दहा प्रश्न पुरेत, त्याहून जास्त झाले की मागच्या रांगा शेव-मुरमुऱ्याकडे वळतात. ‘कोणत्या चित्रपटावरून घेतला?’ असं मोघम विचारू नका. ‘थेट कोणत्या हिंदी चित्रपटावरून?’ असं विचारा. नाहीतर एखादा चतुर गडी बंगाली नाव सांगेल, पंच शून्य देतील आणि ‘असं नाही चालत भो’ म्हणत अख्खी गल्ली व्यासपीठावर येईल. आवाजाची क्लिप लावणार असाल तर चार-पाच सेकंदांचीच लावा आणि तिच्यात पात्राचं नाव येत नाही ना, ते आधी ऐकून घ्या. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य वाजवून चित्रपट विचारणं म्हणजे गुण खिरापतीसारखे वाटणं. उलट, ठसका नसलेला यदुनाथ ऐकवा. तिथे खरी परीक्षा होते. उत्तरं मोबाइलवरच्या फिरत्या यादीतून उतरवू नका. चित्रपट सुरू करा, नामावलीवर थांबा, तिथून लिहा. संगीतकाराच्या चुका निम्म्या तिथेच संपतात.

स्नेहसंमेलनात यांतला एखादा प्रवेश सादर करायचा असेल तर निवड जरा विचाराने करा. पोरं बहुतेक वेळा ‘बनवाबनवी’ उचलतात, साडीवर हशा फुकट मिळतो म्हणून. पण तो हशा पहिल्या मिनिटात संपतो. पुढे खेचतात ते तपशील: चालताना पायात न येणाऱ्या निऱ्या, डोक्यावरून न घसरणारा पदर. साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसवा, खांद्याला दोन पिना, निऱ्यांना एक मोठी सेफ्टी पिन, आणि आत चड्डी नव्हे, नाडी करकचून बांधलेला परकर. पॉलिस्टरची साडी सटकते, सुती बसते. कॉलर माइक पदराखाली लावला की नुसती खसखस ऐकू येते, तो बाहेरच्या बाजूला हवा. अहिराणीत करायचं तर ‘धनंजय माने आठेच ऱ्हातस का?’ एवढ्यावरच धुळ्यात टाळी पडते, पण मग पुढचा अख्खा प्रवेश अहिराणीतच न्या. अर्धं पुणेरी, अर्धं अहिराणी असं झालं की दोन्हींची मजा जाते.

माणसं दोनच असतील आणि रंगमंच छोटा असेल तर ‘धुमधडाका’तला लक्ष्या बापाला आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगतो तो प्रसंग घ्यावा, असं आमचं ठाम मत. नागेश, मेहमूद, बेर्डे या तिघांनी तो आपापल्या भाषेत केलेला, समोर टी. एस. बालय्या, ओमप्रकाश, शरद तळवलकर. खर्च शून्य: एक खुर्ची, एक माइक. दाराची करकर, पावलं, किंचाळी, सगळं तोंडाने काढायचं. मात्र पोरं सांगणाऱ्याच्या भूमिकेसाठी भांडतात आणि ऐकणारा म्हणून उरलेल्या कोणालाही बसवतात, तिथेच प्रवेश पडतो. हशा सांगणाऱ्याला नाही, घाबरणाऱ्याला मिळतो. तेव्हा चांगला नट खुर्चीवर बसवा, तोंड प्रेक्षकांकडे करून, आणि सांगणारा त्याच्या थोडा मागे, कानापाशी उभा ठेवा.