रोव्हर कशावर चालतो, गगन की कॉर्स?

जमीन मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राचा, दांडा बांधावर उभा करतो, तेव्हा बघ्यांतला एखादा जाणकार हमखास सांगतो, "हे गगनवर चालतं, इस्रोचं." तो रोव्हर खरं तर कॉर्सवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संदर्भ स्टेशनांच्या जाळ्यावर, चालत असतो.

घोटाळा साहजिक आहे. दोन्हींत जमिनीवर पक्की रोवलेली स्टेशनं असतात. आपण कुठे आहोत हे त्यांना आधीच नेमकं ठाऊक असतं. जीपीएससारख्या उपग्रहांनी सांगितलेली जागा त्याच्याशी ताडली की चूक किती ते कळतं.

गगन इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलं. अख्ख्या देशात संदर्भ स्टेशनं १५. उपग्रहांच्या घड्याळांची, कक्षांची आणि आयनांबराची (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराची) चूक बेंगळुरूत काढतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून सगळ्यांना एकदम पाठवतात. अचूकता मीटरच्या घरातली. वैमानिकाला तेवढी पुरते. त्याला जास्त गरज असते ती उपग्रह बिघडल्यास काही सेकंदांत मिळणाऱ्या इशाऱ्याची.

बांधावर मात्र मीटर परवडत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्याची एक बाजू दीड मीटर सरकली तर दीडशेहून जास्त चौरस फूट शेजाऱ्याच्या घशात! आणि मग कोर्टाच्या तारखा.

म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स. जीपीएसच्या एल-१ नावाच्या रेडिओ लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. रोव्हर तिचाही अंश मोजतो, त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. अट एवढीच, की दुरुस्ती आसपासच्या स्टेशनांची हवी. शेकडो किलोमीटरवरच्या स्टेशनाच्या डोक्यावरचं वातावरण तुमच्या शिवारावर नसतं. त्यामुळे एकट्या महाराष्ट्रात ७७ स्टेशनं बसवली आहेत. अर्थात कॉर्स फक्त दांड्याची जागा सांगतं. हद्द कुठून जाते ते जुन्या मोजणीच्या टिपणावरूनच काढावं लागतं, आणि भांडणं बहुधा तिथलीच असतात.

आणखी एक फरक रेंजचा. कॉर्सची दुरुस्ती इंटरनेटवरून, रोव्हरमधल्या सिमकार्डावर येते. घाटात रेंज गेली की पडद्यावरचं 'फिक्स', म्हणजे सेंटिमीटरची अचूकता मिळाल्याची खूण, जातं. गगनला सिम लागत नाही, आभाळ मोकळं असलं की झालं. अशा वेळी काही रोव्हर गगनवर येतातही, म्हणजे त्या जाणकाराचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरतं. पण भूकरमापक तेव्हा खुणेचा दगड रोवत नाही. दांडा धरून रेंजची वाट बघतो.