प्रमाणाच्या बचती, वाहन उद्योगातील

वार्षिक उत्पादन वाढेल तसा दर गाडीमागचा सरासरी खर्च घटत जाणे, ही वाहन उद्योगाच्या अर्थशास्त्रातील मूलभूत संकल्पना. डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), जिग (जोडताना भाग जागेवर धरणाऱ्या चौकटी), प्रेस (पत्रा दाबणारी यंत्रे), रंगशाळा आणि आराखडा यांवर आधीच झालेला खर्च जास्त गाड्यांवर वाटला जातो, हे या घटीचे मुख्य कारण. आजवरच्या एकूण उत्पादनाबरोबर हात बसत जाऊन होणारी घट, म्हणजे अनुभव वक्र, यापासून वेगळी आहे. अमेरिकन विमान-अभियंता टी. पी. राइट यांनी ती १९३६ मध्ये विमानबांधणीच्या संदर्भात मांडली. दोन्ही परिणाम एकाच वेळी घडत असल्याने आकडेवारीत ते मिसळतात आणि भाकिते चुकण्यास येथूनच सुरुवात होते.

उगम : मोठ्या प्रमाणावरील मोटारउत्पादनाचे श्रेय कोणाला द्यायचे, याविषयी एकमत नाही. अमेरिकन मोटारउत्पादक रॅन्सम ओल्ड्स यांच्या कारखान्यातून १९०१ मध्ये सुमारे ४२५, तर पुढच्या वर्षी सुमारे २,५०० गाड्या बाहेर पडल्या. तेथील काम टप्प्याटप्प्याने पुढे जात असे, म्हणून काही लेखक असेंब्ली लाइनचा मान त्यांना देतात. मात्र यांत्रिक वेगाने सरकणारी लाइन फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यातील, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिची सुरुवात सामान्यतः १ एप्रिल १९१३ ची मानतात. कल्पना शिकागोच्या कत्तलखान्यांतील टांगत्या साखळीवरून सुचली, असे स्वतः फोर्ड आणि कारखान्यातील विल्यम क्लॅन या दोघांच्याही कथनात येते. फोर्डमधील उत्पादन-अधिकारी चार्ल्स सोरेन्सन यांनी १९०८ मधील एका प्रयोगाचा दावा केला आहे. पण ती आठवण कित्येक दशकांनंतर लिहिलेली असल्याने जपून वापरावी.

पहिला प्रयोग गाडीवर नव्हे, फ्लायव्हील मॅग्नेटोवर (इंजिनातील ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागावर) झाला. एक कामगार संपूर्ण मॅग्नेटो सुमारे २० मिनिटांत जुळवी. तेच काम २९ जणांत वाटल्यावर १३ मिनिटे १० सेकंद लागू लागले. पुढे लाइनची उंची काही इंच वाढवली, तेव्हा वाकणे वाचले आणि वेळ ७ मिनिटांवर आला; साखळीने वेग बांधून दिल्यावर ५ मिनिटांवर. सांगाड्याच्या जुळणीचा वेळ ऑगस्ट १९१३ मधील १२ तास २८ मिनिटांवरून एप्रिल १९१४ पर्यंत ९३ मिनिटांवर आला. याची पूर्वअट होती सुट्या भागांची अदलाबदलक्षमता. भाग बसवताना कोणालाही कानस हातात घ्यावी लागली, तर त्या एका जागी सारी लाइन अडते.

प्रमाण-खर्च वक्राचे मापन : जॉर्ज मॅक्सी आणि ऑब्री सिल्बर्स्टन या अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्ये दिलेले अंदाज आजही आधार म्हणून वापरतात. त्यांच्या मते वार्षिक उत्पादन १,००० वरून ५०,००० झाल्यास खर्च ४० टक्क्यांनी घटतो. एक लाखापर्यंत आणखी १५, दोन लाखांपर्यंत १० आणि चार लाखांपर्यंत ५ टक्क्यांनी. मूळ खर्च १०० धरला तर तो क्रमाने ६०, ५१, ४५.९ आणि ४३.६ होतो. शेवटच्या दुपटीची कमाई जेमतेम सव्वादोन! हे अंदाज एकाच मॉडेलसाठी आहेत. शिवाय प्रत्येक विभागाचे किफायतशीर प्रमाण निराळे असते. अंतिम जुळणीसाठी वर्षाला दोन ते अडीच लाख हा आकडा वारंवार आढळतो. पत्रा प्रेससाठी तो कित्येक पट मोठा सांगतात.

डाय बदलण्याचा प्रश्न : दाराचा बाहेरचा पत्रा साधारणपणे चार-पाच डायमधून जातो : खोल ओढणे, कडा कापणे, छिद्रे पाडणे, कडा मुडपणे. पत्र्याच्या कडेवरचा दाब कमी पडला तर सुरकुत्या येतात, जास्त झाला तर कोपरा फाटतो. आणि दाब काढताच पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून डायला आधीच जादा वळण द्यावे लागते. प्रेस मिनिटाला १० पत्रे काढते असे धरू. डाय बदलायला ४ तास लागत असतील आणि तो वेळ एकूण वेळेच्या १० टक्क्यांत बसवायचा असेल, तर एका खेपेला ३६ तास, म्हणजे २१,६०० पत्रे काढावे लागतात. बदल १० मिनिटांत झाला तर ९०० पुरतात. पहिल्या पद्धतीत कडेवरचा बर (कापताना उरलेला धारदार कंगोरा) किंवा बारीक भेग वेल्डिंगच्या विभागात लक्षात येईपर्यंत हजारो सदोष पत्रे रचलेले असतात, हा तिचा खरा तोटा.

टोयोटात १,००० टनी प्रेसवरील हा बदल ४ तासांवरून ९० मिनिटांवर आणि नंतर ३ मिनिटांवर आणल्याचे जपानी औद्योगिक अभियंता शिगेओ शिंगो यांनी नोंदवले आहे. प्रेस थांबवूनच करावी लागणारी आणि ती चालू असताना उरकता येणारी कामे वेगळी काढायची, हे त्यामागचे सूत्र. डाय, बोल्ट आणि पाचर आधीच शेजारी आणून ठेवायचे. सर्व डायची उंची सारखी करायची, म्हणजे ठोक्याची लांबी पुन्हा जुळवावी लागत नाही. श्रेय शिंगोंचे की टोयोटातील उत्पादनप्रमुख ताइइची ओनो यांचे, यावर मतभेद आहेत. ओनोंच्या विभागांत असे प्रयत्न आधीपासून चालू होते, हे पाहता श्रेय विभागून देणे योग्य ठरेल.

सामायिक मंच : एकच तळ, धुरे आणि सांधे अनेक मॉडेलांना वापरले की प्रमाण मॉडेलऐवजी सुट्या भागाचे मोजावे लागते. फोक्सवॅगनच्या २०१२ च्या एमक्यूबी या सामायिक मंचाच्या रचनेत पुढचा आस आणि पेडल यांमधील अंतर कायम ठेवले आहे. इतर मापे बदलतात. जोखीमही त्याच प्रमाणात फुगते. ताकाता कंपनीच्या दोषी एअरबॅगांपायी एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या.

विद्युत वाहने : येथे मोठा भांडवली खर्च इंजिनाकडून बॅटरीच्या सेलकडे सरकतो. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार बॅटरी संचाची सरासरी किंमत २०२३ मध्ये किलोवॅट-तासामागे १३९, तर २०२४ मध्ये ११५ डॉलर होती. सेलच्या नव्या कारखान्यात आरंभी भंगार बरेच निघते : लेपाची जाडी असमान, धातूचे कण, ओलावा. म्हणून कोरड्या खोलीतील दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवतात. येथली बचत नुसत्या आकाराची नसून बऱ्याच अंशी अनुभवाची असते.

मोठ्या ॲल्युमिनियम ओतकामात मागच्या तळाचे सुमारे ७० भाग एक-दोन तुकड्यांत येतात. वेल्डिंगचे यंत्रमानव आणि जिग वाचतात. परंतु वितळलेल्या धातूच्या उष्णतेने साच्याला जाळीदार तडे जातात आणि साधारण लाखभर ओतींनंतर तो बदलावा लागतो. पोलादी पत्र्याच्या डाय याहून कितीतरी अधिक टिकतात. त्यामुळे उत्पादन वाढवत नेले तरी ओतसाच्याचा खर्च एका मर्यादेपुढे वाटला जात नाही. नवा साचा घ्यावाच लागतो.