अ‍ॅरिस्टॉटलच्या मते सुख म्हणजे मूड नाही

युडायमोनिया या ग्रीक शब्दाला आपण सुख म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो, कारण आज मस्त वाटतंय उद्या बोअर होतंय असल्या मूडबद्दल अ‍ॅरिस्टॉटल बोलतच नाहीये. तो बोलतोय ते अख्खं आयुष्य नीट जगण्याबद्दल. एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही, तसं एका चांगल्या दिवसाने माणूस सुखी होत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यासाठी लागते आरेते. आपण सद्गुण म्हणतो खरं, पण ग्रीकांना डोळ्याचीही आरेते असते, म्हणजे नीट दिसणं, आणि घोड्याची म्हणजे नीट धावणं. मग माणसाची कुठून येते? तर सवयीतून! घरं बांधून बांधून गवंडी तयार होतो, तसं धीराची कामं करत करत माणूस धीट होतो, नुसती लेक्चरं ऐकून नाही. आणि ती अंगात मुरली का हे कसं ओळखायचं, तर मोह टाळताना आनंद वाटतो की चिडचिड होते ते बघायचं. चिडचिड होत असेल तर अजून संयमी झाला नाहीत. मला तर ही टेस्ट फार प्रामाणिक वाटते, कारण बाहेरून दोघं सेमच दिसतात.

मग येतो त्याचा मध्यममार्ग, म्हणजे अति आणि कमी यांच्या मधलं योग्य ते निवडणं, ज्याला लोक उगाच फिफ्टी फिफ्टी समजतात. मिलो नावाचा नामी पैलवान होता, त्याचं उदाहरण देऊन तो सांगतो की दहा मिना (तेव्हाचं वजनाचं माप) अन्न जास्त आणि दोन कमी असलं तरी कोच सरसकट सगळ्यांना सहा मिना देत नाही, तेवढं मिलोला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. राग, पैसा, धाडस सगळ्यात हेच, कधी कुणावर किती हे बघणारी समज हवी, तिला तो फ्रोनेसिस म्हणतो.

सुखात नशिबाचाही वाटा असतो हे मात्र त्याने लपवलं नाही. ग्रीक कथांमधला ट्रॉय नगरीचा राजा प्रायम आयुष्यभर वैभवात राहिला आणि म्हातारपणी पोरं गेली, राज्य गेलं, अशा माणसाला सुखी कोण म्हणेल? इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये सुरू झालेल्या स्टोइक या तत्त्वज्ञांच्या पंथाला हे पटलं नाही, त्यांच्या मते सद्गुण असला की बास, बाकी काही लागत नाही. मी इथे अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूने आहे, पोटचं पोर गमावलेल्या बापाला तू सुखीच आहेस असं मला तरी सांगवणार नाही.